डंडासचा वात्रट विली आणि रक्तातला तिसरा कण

हॅमिल्टनच्या मेन स्ट्रीट वेस्टवरून डंडासकडे निघालं की मॅकमास्टर विद्यापीठ मागे पडतं आणि थोड्याच वेळात रस्त्याचं नाव बदलतं. ऑस्लर ड्राइव्ह! आपल्यापैकी अनेकजण या रस्त्यावरून रोज ये-जा करतात. ब्रॅम्प्टनकडची मंडळी तर त्याहून जवळची. त्यांच्याकडे बाळंतपणं ज्या हॉस्पिटलांत होतात, त्या संस्थेचं नावच विल्यम ऑस्लर हेल्थ सिस्टिम. पण हा ऑस्लर कोण, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच, असेल कोणीतरी जुना गोरा डॉक्टर!

मी मुंबईत असताना बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. तेव्हा सगळीकडे मशिनं आलेली नव्हती. रक्ताचा थेंब विरळ करून चौकटी कोरलेल्या काचेवर घ्यायचा, मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि एकेक पेशी मोजायची. तांबड्या आणि पांढऱ्या पेशी निमूटपणे मोजून घेतात. त्रास देतात त्या प्लेटलेट्स. इतक्या बारीक की धूळ आहे का प्लेटलेट आहे ते कळू नये, आणि जरा उशीर झाला की एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होतो. हा चिकटण्याचा गुण ज्याने नीट पाहून लिहून ठेवला तो माणूस आपल्या शेजारच्या डंडासमध्ये वाढला, हे मला इथे येऊन स्थिरावल्यावर समजलं. तेव्हापासून मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत आले. यंदाच्या दिवाळी अंकासाठी त्याचीच गोष्ट सांगते.

विल्यम ऑस्लरचा जन्म 12 जुलै 1849 चा, टोरांटोच्या उत्तरेला बाँड हेड नावाच्या खेड्यातला. वडील फेदरस्टोन ऑस्लर इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आलेले धर्मोपदेशक. आई एलन मोठी खंबीर बाई, पुढे पुरती शंभर वर्षं जगली. नऊ मुलांमधला विल्यम आठवा. मुलांना चांगली शाळा मिळावी म्हणून 1857 मध्ये हे बिऱ्हाड डंडासला आलं. त्या वेळचं डंडास म्हणजे गिरण्या आणि कालव्याचं भरभराटीचं गाव. 2001 साली ते हॅमिल्टन शहरात विलीन झालं, म्हणून आपण हक्काने म्हणू शकतो की ऑस्लर आपल्या गावचा!

पण शाळा चांगली मिळाली म्हणून मुलगा चांगला वागेल असं थोडंच आहे? विली महावात्रट. वर्गात बदकांसारखी हंस जातीची पाखरं कोंडून ठेवणं, हेडमास्तरांना दाराच्या कुलुपाच्या भोकातून नको ते ऐकवणं, असे उद्योग करून त्याने डंडासच्या शाळेतून नाव काढून घ्यायची वेळ आणली. पुढे वेस्टनच्या शाळेत तर मुलांनी तिथल्या कजाग हाउसकीपर बाईला खोलीत कोंडून धुराने हैराण केलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. टोरांटोच्या तुरुंगात काही दिवस काढावे लागले! थोरला भाऊ वकील होता म्हणून किरकोळ दंडावर निभावलं. आज आपल्या मुलाच्या शाळेतून एक ई-मेल आली तरी आपण रात्रभर झोपत नाही. ऑस्लरच्या आईचं काय झालं असेल, कल्पना करा.

या मुलाला वळण लावलं ते मायक्रोस्कोपने. वेस्टनच्या शाळेचे संस्थापक फादर जॉन्सन हे धर्मगुरू खरे, पण त्यांचा जीव रमायचा तो डबक्यातलं पाणी, शेवाळं, हाडांचे पातळ काप यांत. मुलांना घेऊन ते रानोमाळ हिंडत आणि जमवलेलं काचेखाली दाखवत. विलीला नाद लागला तो कायमचा. एकोणिसाव्या वर्षीच पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवरचा त्याचा छोटा लेख इंग्लंडच्या एका विज्ञान मासिकात छापून आला. वडिलांसारखं धर्मोपदेशक व्हायचं म्हणून तो 1867 साली टोरांटोच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला, पण वर्षभरातच ते सोडून डॉक्टरी शिकायला लागला. घरच्यांनी फार आकांडतांडव केल्याचं दिसत नाही. टोरांटोहून तो मॉन्ट्रियलला मॅकगिल विद्यापीठात गेला आणि 1872 मध्ये डॉक्टर झाला. जॉन्सन, टोरांटोचे डॉ. बोव्हेल आणि मॅकगिलचे डॉ. पामर हॉवर्ड या तीन गुरूंना तो आयुष्यभर विसरला नाही. पुढे त्याने जे मोठं पुस्तक लिहिलं ते या तिघांनाच अर्पण केलं.

आता येते रक्ताची गोष्ट.

डॉक्टर झाल्यावर दोन वर्षं तो युरोपात शिकायला गेला. त्यातला बराच काळ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्डन सँडरसन यांच्या प्रयोगशाळेत. रक्ताविषयी तेव्हा काय माहीत होतं? तांबड्या पेशी दोनशे वर्षांपासून माहीत होत्या. पांढऱ्या पेशीही ओळखीच्या झाल्या होत्या. या पेशी ज्यात तरंगतात तो पिवळसर पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, तोही माहीत होता. पण काचेवर रक्त घेतलं की अधूनमधून बारीक कणांचे पुंजके दिसत, त्यांचं काय करायचं ते कुणाला उमगत नव्हतं. फुटलेल्या पांढऱ्या पेशींचा कचरा असावा, असं म्हणून बरेचजण पुढे जात. जर्मनीच्या माक्स शुल्ट्झने 1865 मध्ये त्यांचं वर्णन केलं होतं आणि इतरांनी त्याकडे नीट लक्ष द्यावं असंही सुचवलं होतं.

चोवीस वर्षांच्या ऑस्लरने ते लक्ष दिलं. त्याने केलेली युक्ती साधी होती. काढलेलं रक्त सगळेच बघत होते, त्याने उंदराच्या नाजूक पडद्यातली बारीक शीर घेऊन रक्त शिरेच्या आत असतानाच पाहिलं. आत पुंजके नव्हतेच! होत्या त्या सुट्या सुट्या, रंगहीन, चपट्या चकत्या. रक्त शिरेबाहेर आलं की त्याच चकत्या एकमेकींना चिकटत आणि पुंजका तयार होई. म्हणजे पुंजका हा कचरा नव्हे, वाहत्या रक्तातल्या स्वतंत्र कणांनी बाहेर पडल्यावर केलेला जमाव. 1874 मध्ये हे निरीक्षण रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. गंमत म्हणजे हे कण शरीराचेच आहेत की कुठले सूक्ष्मजीव, याचा निकाल त्याला लावता आला नाही. लेखाच्या नावातही त्याने त्यांना जीवच म्हटलं. पुढचं काम इटलीच्या बिझोझेरोने केलं. 1882 मध्ये त्याने दाखवलं की रक्तवाहिनीला इजा झाली की हे कण तिथे धावतात आणि भोक बुजवतात. प्लेटलेट म्हणजे छोटी ताटली, हे नावही त्याच्यापासूनच रूढ झालं. आणि त्या हाडांच्या मगजातल्या अवाढव्य पेशींचे तुकडे पडून तयार होतात, हे जेम्स रायट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1906 मध्ये दाखवलं.

मुलांना शाळेच्या प्रोजेक्टसाठी लागेल म्हणून इथे थोडा हिशोब देते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त, अंदाजे 55 टक्के भाग प्लाझ्मा. त्यात नव्वद टक्के पाणी. उरलेल्यात पाणी शिरांमध्ये धरून ठेवणारं अल्ब्युमिन, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं, गुठळीचे धागे विणणारं फायब्रिनोजेन, शिवाय साखर, क्षार, हार्मोन्स. बाकीचा भाग जवळजवळ सगळा तांबड्या पेशींचा. त्या एका घन मिलिमीटरमध्ये पन्नास लाखांच्या आसपास असतात, हिमोग्लोबिनमधून प्राणवायूची ने-आण करतात आणि सुमारे 120 दिवस जगतात. पांढऱ्या पेशी तेवढ्याच रक्तात चार ते अकरा हजार, काम पहारेकऱ्याचं. आणि प्लेटलेट्स, म्हणजे आपल्या मराठी पाठ्यपुस्तकातल्या रक्तपट्टिका, दीड ते चार लाख. आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवसांचं.

आपल्या घराघरांत हा शब्द पोचला तो डेंग्यूमुळे. पावसाळा संपता संपता पुण्याहून नाहीतर नाशिकहून फोन येतो, प्लेटलेट्स चाळीस हजारांवर आल्यात म्हणून, आणि इकडे आपल्या पोटात गोळा येतो. माझ्या भाच्याला डेंग्यू झाला तेव्हा ताई दर चार तासांनी मला आकडा कळवत होती, आणि शेजारच्या काकू पपईच्या पानांचा रस घेऊन दारात उभ्या! तेव्हा तिला जे समजावलं तेच इथे लिहिते. डेंग्यूत फक्त आकड्याकडे बघून चालत नाही. खरा धोका अनेकदा प्लाझ्मा बारीक शिरांमधून झिरपून जाण्याचा असतो. लघवी कमी होतेय का, पोट दुखतंय का, कुठून रक्त येतंय का, हे डॉक्टर बघतात. आकडा उतरला म्हणून लगेच प्लेटलेट्स चढवायच्याच असं नसतं. आणखी एक. तिकडच्या रिपोर्टवर दीड लाख लिहिलेलं असतं तेच इकडे नुसतं 150 असतं, आणि तिकडचं 14 हिमोग्लोबिन इकडे 140 होतं. आई-वडील इथे राहायला आले की दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवून घाबरून जाऊ नका, एकक वेगळं आहे.

तर ऑस्लर 1874 मध्ये परत आला. खिशात पैसे नाहीत, हातात नोकरी नाही. डंडास-हॅमिल्टन भागात एका डॉक्टरच्या जागी थोडे दिवस बदलीवर काम केलं. डोळ्यात गेलेला कण काढला त्याची फी पन्नास सेंट. डॉक्टर म्हणून त्याची ही पहिली कमाई! रॉयल सोसायटीकडे लेख पोचलेला आणि गल्ल्यात पन्नास सेंट. परदेशातून मोठी पदवी घेऊन आल्यावर पहिली नोकरी कशी मिळते ते आपल्यातल्या पुष्कळांना वेगळं सांगायला नको. पण लवकरच मॅकगिलने बोलावलं आणि पंचविशीत तो तिथे शिकवायला लागला. मॉन्ट्रियलच्या देवीच्या वॉर्डात काम करायला कोणी तयार नसे, ते त्याने पत्करलं. स्वतःला देवी आल्या, पण सौम्य. त्या कामाचा पगार आला त्यातून विद्यार्थ्यांसाठी मायक्रोस्कोप घेतले.

पुढची चढण तुम्हाला विश्वकोशातही सापडेल, म्हणून भराभर सांगते. 1884 मध्ये फिलाडेल्फिया, 1889 मध्ये बाल्टिमोरचं नवं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल, 1905 मध्ये ऑक्सफर्ड, 1911 मध्ये सर ही पदवी. बाल्टिमोरला त्याने मेडिकलच्या विद्यार्थ्यांना वर्गातून उठवून रुग्णाच्या खाटेपाशी नेलं. आज डॉक्टर मुलं वॉर्डात राबत शिकतात ती पद्धत उत्तर अमेरिकेत रुजवण्यात त्याचा मोठा वाटा. आणि या सगळ्या काळात रक्ताचा नाद सुटला नाही. 1886 मध्ये न्यूयॉर्कला त्याने रक्तपेशींवरच व्याख्यानमाला दिली. मलेरियाचे जंतू रक्तात असतात या फ्रेंच डॉक्टर लाव्हरानच्या शोधावर आधी त्याचा विश्वास नव्हता. मग शेकडो वेळा रुग्णांचं रक्त तपासलं, स्वतः पाहिलं आणि जाहीरपणे मत बदललं. ज्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या नाकातून रक्त येतं तो आजार (प्लेटलेट्स ठीक, पण शिरांच्या भिंती कच्च्या) त्याने 1901 मध्ये सविस्तर मांडला. तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर वाढून रक्त दाट होतं त्या आजाराचं वर्णन 1903 मध्ये केलं. दोन्हींना त्याचं नाव जोडलेलं आहे.

1892 साली दोन गोष्टी घडल्या. बेचाळिसाव्या वर्षी ग्रेस रिव्हियर ग्रॉस या विधवेशी त्याचं लग्न झालं, आणि वैद्यकशास्त्रावरचं त्याचं जाडजूड पाठ्यपुस्तक बाहेर आलं. पुस्तकाचा प्रामाणिकपणा असा, की बहुतेक रोगांवर आपल्याकडे औषध नाही हे त्यात आडपडदा न ठेवता दिसत होतं. 1897 च्या उन्हाळ्यात रॉकफेलरचे सल्लागार गेट्स यांनी ते वाचलं आणि शेठजींना संशोधनासाठी पैसे घालायला पटवलं. त्यातून 1901 मध्ये न्यूयॉर्कला रॉकफेलर इन्स्टिट्यूट उभी राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑस्लर दांपत्याचं पहिलं मूल तान्हेपणीच गेलं. दुसरा मुलगा रिव्हियर, जन्म डिसेंबर 1895. अभ्यासात बेताचा, पण मासेमारी, चित्रं आणि जुनी पुस्तकं यांत रमणारा गोड मुलगा. बाप त्याच्याबरोबर मूल होऊन खेळे. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर रिव्हियर आधी मॅकगिलच्या लष्करी हॉस्पिटलात दाखल झाला, पण आपल्या वयाची मुलं आघाडीवर असताना मागे राहणं त्याला रुचेना. तो तोफखान्यात गेला. 29 ऑगस्ट 1917 रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळ तोफगोळा फुटला आणि त्याला छाती-पोटात जखमा झाल्या.

त्याला ज्या छावणी हॉस्पिटलात नेलं त्याच्या आसपास नेमके अमेरिकेचे नामांकित सर्जन होते, आणि त्यातले कित्येकजण त्याच्या वडिलांना मानणारे. बाल्टिमोरला ऑस्लरांच्या शेजारी राहिलेला हार्वे कुशिंग निरोप मिळताच रात्रीच धावत आला. रक्त चढवण्याच्या शस्त्रक्रियेतला त्या काळचा अग्रणी जॉर्ज क्राइल आला. रिव्हियरला रक्त दिलं गेलं, मध्यरात्रीच्या सुमारास पोट उघडलं. आतड्याला भोकं पडली होती, रक्तवाहिन्या तुटल्या होत्या. सकाळी तो गेला. वय एकवीस.

जखमी शिरेपाशी प्लेटलेट्स जमतात, पण तुटलेली मोठी वाहिनी त्या बुजवू शकत नाहीत. तिथे हवा सर्जनचा हात आणि बाहेरून भरपूर रक्त. ते रक्त तेव्हा साठवून ठेवायची सोय नव्हती. नव्हती म्हणजे, होता होता राहिली होती. रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये राउस आणि टर्नर यांनी 1916 मध्येच सायट्रेट आणि साखर घालून रक्त टिकवण्याची रीत काढली होती. राउसच्या हाताखाली शिकलेला ऑस्वाल्ड रॉबर्टसन 1917 मध्ये फ्रान्सला आला, कुशिंगच्याच तुकडीत. बाटल्यांत साठवलेलं रक्त त्याने काँब्रेच्या लढाईत जखमींना दिलं, नोव्हेंबर 1917 मध्ये. रिव्हियर जाऊन तीन महिने झाले नव्हते. त्या रक्ताने तो वाचलाच असता असं कोणी म्हणू शकणार नाही, जखमाच तशा होत्या. पण ज्या संस्थेच्या मुळाशी बापाचं पुस्तक होतं तिथली विद्या त्याच्या मुलापर्यंत पोचायला उशीर झाला, हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

ऑस्लरने त्यानंतर काम थांबवलं नाही. घरी पाहुणे येत राहिले, तो हसून बोलत राहिला, रात्री मात्र रडत असे. 29 डिसेंबर 1919 रोजी न्यूमोनियातून उद्भवलेल्या दुखण्याने तो सत्तराव्या वर्षी वारला. जमवलेली सुमारे आठ हजार पुस्तकं त्याने मॅकगिलला दिली. 1929 मध्ये तिथे उघडलेल्या ऑस्लर ग्रंथालयात, त्या पुस्तकांच्या मध्येच, त्याच्या अस्थी ठेवल्या आहेत.

इथे थांबले असते तर लेख गोड झाला असता, पण अर्धवट राहिला असता. 1914 साली एका भाषणात ऑस्लरने सांगितलं होतं की पिवळ्या आणि तपकिरी लोकांबद्दल सहानुभूती वाटली तरी स्वसंरक्षणासाठी कॅनडा हा गोऱ्यांचाच देश ठेवायला हवा. त्याच वर्षी मे महिन्यात कोमागाटा मारू हे जहाज 376 प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला आलं. बहुतेक पंजाबी शीख, काही मुसलमान आणि हिंदू. दोन महिने ताटकळत ठेवून त्यातल्या बहुतेकांना परत पाठवण्यात आलं. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत त्याची माफी मागितली ती 2016 मध्ये. म्हणजे तुम्ही-आम्ही त्या जहाजावर असतो तर आपल्यालाही परत पाठवावं याच मताचा हा माणूस. आणि आज त्याच्या नावाच्या हॉस्पिटलात आपली मुलं जन्मतात, आपल्या मुली तिथे डॉक्टर आहेत.

त्याला माफ करावं की नाही याची चर्चा मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात चहाबरोबर जरूर करू. माझ्यापुरतं म्हणाल तर मला राग आला, आणि तरी त्याचं 1874 चं निरीक्षण खोटं ठरत नाही. त्याच्याच हयातीत, 1901 मध्ये, कार्ल लँडस्टायनरने रक्तगट शोधले. ते गट कातडीचा रंग विचारत नाहीत. पुढे 1952 मध्ये मुंबईच्या डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक असा गट दाखवला की जो साध्या तपासणीत ओ वाटतो, पण त्या माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही. जगभर त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. अशा माणसाला लागणारं रक्त फक्त त्याच गटाच्या दुसऱ्या माणसाकडे असतं, आणि तो माणूस बहुधा आपल्यातलाच निघतो.

म्हणून शेवटी एक कामाची गोष्ट. साठवलेल्या तांबड्या पेशी फ्रीजमध्ये 42 दिवस टिकतात, प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. पण प्लेटलेट्स फ्रीजमध्ये चालत नाहीत. खोलीच्या तापमानाला, सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि आठवड्याभरात संपतात. लांब वीकएंड आला, ख्रिसमस आला की देणारे कमी होतात, आणि कॅन्सरच्या रुग्णांची गरज सुट्टी घेत नाही. भारतातून नुकते परतला असाल तर मलेरियामुळे काही काळ थांबावं लागतं, तेव्हा फोन करून चौकशी करा. बाकीच्यांनी यंदा भाऊबीज झाल्यावर एका शनिवारी कॅनेडियन ब्लड सर्व्हिसेसची वेळ ठरवायला काय हरकत आहे? मी यादी करायला घेतली आहे. आत्तापर्यंत अकरा नावं आली आहेत. फराळाच्या दिवशी दाराजवळच्या टेबलावर वही असेल, चकलीचे हात पुसून नाव लिहा.